मरळ काढल्यानंतर

१४ नोव्हेंबर १९५५, इंदापूर

बिऱ्हाड लागलं. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीत मालकांचे दोन रिकामे रांजण. मालतीनं विचारलं, "वही आणलीत, रोज लिहिणार का?" म्हटलं, जमेल तेव्हा. सरकारी नोंदवहीत आकडे जातात. बाकीचं कुठंतरी ठेवायला हवं.

आज शेवरेवाडीचा तलाव पाहिला. बावड्याच्या रस्त्यानं सायकलवर तासभर लागतो. कालव्याचं पाझरपाणी मिळाल्यापासून तो बारमाही झाला आहे. गावची सगळी गुरं तिथंच पाण्यावर येतात आणि तिथंच शेण टाकतात. वरच्या अंगाला ऊस आहे, त्या रानांतलं खताचं पाणीही इथंच उतरतं. एवढं सगळं पोटात जाऊन पाणी मात्र नितळ. दोरीला बांधून एनॅमलची पांढरी बशी खाली सोडली, ती साडेतीन हात खोल जाईपर्यंत दिसत होती. शिकलो त्याप्रमाणे असं पाणी हिरवंगार असायला हवं. हिरव्यावर माशांची पिलं पोसतात. इथं एवढं खत जातं कुठं?

मत्स्य खात्यातली ही पहिली स्वतंत्र जबाबदारी. पुण्याहून बापूसाहेबांनी, म्हणजे आमच्या वरिष्ठांनी, निघताना खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "माधवराव, पुढच्या पावसाळ्यात या तलावात कटला मासा वाढलेला दिसला पाहिजे. त्यावरून जिल्हाभर करू."

२२ नोव्हेंबर

तलावावर भोयांचं एकच घर आहे, रामहरी आणि त्याची बायको साखरबाई. पोरी लग्न होऊन गेल्या. रामहरी साठीचा असावा, डोळ्यांत थोडं पांढरं उतरलंय. भोपळ्यांच्या सांगडीवर पोटावर पडून हातानं वल्हवतो. मला त्यानं सगळा तलाव फिरवून दाखवला. कुठं गाळ, कुठं झरा, कुठं मरळ बसते.

मरळ म्हणजे सापाच्या तोंडाचा हातभर लांब शिकारी मासा. बाकीच्या माशांवर जगतो.

विचारलं, "किती असतील?"

"मोजल्या न्हाईत, साहेब. पर लय हाईत. हितलं मालक त्येच."

"तुम्ही किती काढता?"

"हप्त्याला चार-पाच. बाकीच्या ऱ्हाऊ देतो."

"का?"

"आमचा बा ऱ्हाऊ द्यायचा."

सगळ्या गोष्टींना शेवटी हेच उत्तर मिळतं.

मलमलीच्या जाळीतून बादलीभर पाणी गाळून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पाणपिसवा मोजल्या. टाचणीच्या डोक्याएवढे, उड्या मारणारे जीव. ३४०. एवढ्या कुठंच पाहिल्या नव्हत्या. रामहरीला भिंगातून दाखवल्या. तो बराच वेळ डोळा लावून बसला. मग म्हणाला, "ह्येंच्या पोटात हिरवं हाय की."

खरंच होतं. नोंदवहीत तेवढं लिहिलं.

९ जानेवारी १९५६

बापूसाहेबांचं पत्र. कटल्याची पिलं सोडण्याआधी मरळ संपूर्ण काढून टाकावी, नाहीतर ती पिलं फस्त करील. शंभर टक्के बरोबर आहे, कोणतंही पुस्तक हेच सांगेल.

रामहरीला सांगितलं. तो जाळं विणत होता.

"समद्या?"

"सगळ्या."

"मग आंबळी कोन खाईल?"

आंबळी म्हणजे बोटभर रुपेरी मासा. थव्यानं असतो, किनाऱ्याशी चमकतो. मी हसलो. म्हटलं, "गाव खाईल. तुमचाच फायदा आहे."

तो हसला नाही. साखरबाई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "एक जोडी तरी ठिवा, साहेब."

मी समजावून सांगितलं. एक जोडी ठेवली तर दोन वर्षांत पुन्हा तेच. तिला पटलेलं दिसलं नाही. रामहरी मात्र म्हणाला, "साहेब शिकल्यालं हाईत." आणि जाळं पुढं विणू लागला.

२८ जानेवारी

बारा दिवस चाललं. एकूण ४१३. शेवटच्या काढणं कठीण होतं, गाळात शिरून बसतात. पण मरळीला हवा घ्यायला वर यावं लागतं, आणि तो बुडबुडा रामहरीला कळतो. डोळे अधू असूनही त्यानं एकही चुकू दिली नाही. इतका नेमका माणूस मी कॉलेजातही पाहिला नाही. शेवटची जोडी त्यानं दुपारी काढली, माझ्यापुढं ठेवली आणि म्हणाला, "घ्या. झाल्या." मग पाण्याकडे पाठ करून जाळं धूत बसला.

बापूसाहेबांना कळवलं : काम पूर्ण.

११ मार्च

तलावात आंबळीच आंबळी. बायका लुगड्यानं झोळी करून धरतात. सरपंच सावळारामतात्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं, "साहेब आल्यापास्नं गावात मासळी झाली." बरं वाटलं. मालतीला सांगितलं. ती म्हणाली, "आणि ते भोयाचं कुटुंब?" म्हटलं, कटला आला की त्यांचंच राज्य.

बशी अडीच हातांवर दिसेनाशी होते. पिसवा ९०. उन्हामुळे असेल.

२९ एप्रिल

खात्याच्या पत्रकाप्रमाणे तलावाला खत दिलं. शेणाच्या बारा गाड्या आणि वर फॉस्फेट. गाड्या तात्यांनी हौसेनं दिल्या. रामहरी काठावर उभा होता. शेवटची गाडी रिकामी झाली तेव्हा म्हणाला, "ह्ये पानी उपाशी न्हाय, साहेब."

२ जून

पाणी हिरवं झालं आहे. बशी दीड हात. बापूसाहेब स्वतः येऊन गेले, खूश झाले. "हे खरं तलावाचं पाणी. आधी होतं ते विहिरीचं." पिसवा ११. मी आकडा दाखवला. ते म्हणाले, "आपण मासे वाढवतो आहोत, पिसवा नाही." सगळे हसले. मीही.

१९ जुलै

कलकत्त्याहून रेल्वेनं पिलं आली, भिगवण स्टेशनवर मातीच्या हंड्यांतून. तिथून बैलगाडीनं शेवरेवाडी. गाडीचा रस्ता असा, की धक्क्यानं पिलं मरतील अशी धास्ती होती. रामहरी गाडीत हंड्यांमध्ये मांडी घालून बसला आणि दिवसभर एकेका हंडीत हात फिरवत राहिला. पाण्यात हवा जावी म्हणून. मी म्हटलं, जरा थांबा, भाकरी खा. "पोरं गुदमरत्यात," म्हणाला. पोचलो तेव्हा त्याच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती. नऊ हंड्यांपैकी एकच गेली.

पिलं सोडताना त्यानं पाण्याला हात जोडले. मी अंधश्रद्धा मानत नाही, तरी जोडले.

४ सप्टेंबर

पावसानं ओढ दिली आहे. पाण्यावर हिरव्या रंगाचा थर येतो, वाऱ्यानं गुरांच्या घाटाकडे साचतो. ओला कुजका वास. बशी वीतभरही जात नाही. गुरं पुढं जाऊन फुंकर मारतात आणि मग पितात.

पिसवा : शून्य. तीन बादल्या गाळल्या.

रामहरी म्हणाला, "पान्याला खानारं कोन ऱ्हायलं न्हाय." मी विचारलं, म्हणजे काय? त्याला नीट सांगता येईना. हातानं काहीतरी दाखवत होता, एकावर एक अशी चढण. मला घाई होती.

७ ऑक्टोबर

सकाळी कामावर निघणार, तोच रामहरी दारात. शेवरेवाडीहून चालत आलेला. धोतराच्या सोग्यात बांधून आणलेला कटला त्यानं ओट्यावर ठेवला. चांगला वीतभर झाला होता, तीन महिन्यांत.

"पहाटंपास्नं वर तोंड करून धापा टाकत्यात. उजाडलं तवा निम्मं मेलं हुतं."

त्याच्याबरोबर गेलो. पांढरी पोटं सगळीकडे. आंबळ्या मात्र बऱ्याचशा जिवंत. साखरबाई मेलेले मासे टोपलीत भरून काठावर नेत होती, एकटीच. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

पाण्यातली हवा संपली, एवढं कळतं. हिरवं इतकं झालं की सूर्य नसताना तेच सगळी हवा ओढून घेतं. पण इतकं हिरवं झालं कशानं? खत तर या तलावात वर्षानुवर्षं पडतंच होतं.

१० ऑक्टोबर

पुण्याला तार केली होती. उत्तर : मोरचूद वापरून हिरवं मारावं, उरलेले मासे वाचतील. प्रमाण सोबत दिलं आहे. तीनदा हिशेब केला. या प्रमाणात शेळीलाही अपाय नाही.

१३ ऑक्टोबर

मोरचुदाच्या पिशव्या मी स्वतः भरल्या, स्वतः शिवल्या. रामहरीनं त्या सांगडीमागं बांधल्या आणि सबंध तलावभर ओढल्या. मागं निळी रेघ उमटत होती. काठावर पुष्कळ लोक जमले होते.

आठवडाभर गुरं आणू नयेत असं सांगायला हवं होतं. प्रमाण निर्धोक आहे म्हणून सांगितलं नाही.

१६ ऑक्टोबर

काल हिरवं तपकिरी झालं, आज सडलं. गुरांच्या घाटाशी हातभर जाड साय. सकाळी पाण्यावर आलेल्या गुरांपैकी सात मेली. पाणी प्यायली, चारशे पावलं चालली, थरथरली आणि खाली बसली. तात्यांची बैलजोडी त्यातच. मोठा बैल मी मरताना पाहिला. डोळे उघडे होते आणि पाय चालल्यासारखे हलत होते.

जनावरांचे डॉक्टर इंदापूरहून आले. म्हणाले, विषबाधा.

चावडीवर सगळे. तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, खरं सांगा. तुमचं औषध जहरी हुतं का?"

मी म्हटलं, "जेवढं घातलं तेवढ्यात जहरी नाही. शेळीसुद्धा मरणार नाही."

हे खरं आहे. मी खोटं बोललो नाही.

तात्या म्हणाले, "म्हंजी पिशवीत दुसरं कायतरी हुतं."

मी म्हटलं, मला कल्पना नाही. तेही खरंच होतं, काय झालं याची मला कल्पना नव्हती. सायकल घेऊन निघालो. कालव्याच्या पुलापाशी आल्यावर ध्यानात आलं की तात्या काय म्हणाले. पिशवी ओढणारा एकच होता. थांबलो. परत फिरणार होतो. पण माणसं तापलेली असताना बोलून उपयोग नसतो. उद्या जाईन.

१७ ऑक्टोबर

गेलो नाही. अहवाल लिहायचा होता.

२० ऑक्टोबर

रामहरी आला. गालावर काळंनिळं. सांगड जाळली, जाळं कोयत्यानं तोडलं, तलावात पाय टाकायचा नाही म्हणून बजावलं. म्हणे भोयानं मरळ गेल्याचा डूख धरला, मासे मारायचं जहर पाण्यात कालवलं.

आत या म्हटलं तरी आत आला नाही, पायरीवरच बसला. मालतीनं पाणी दिलं.

"साहेब, तुमी येकदा येऊन सांगा. पिशवी तुमी शिवली. तुमचं ऐकत्याल."

"येतो," म्हटलं. "परवा नक्की येतो."

"परवा," तो म्हणाला. उठताना गुडघ्याला हात लावावा लागला. पुढं म्हणाला, "तुमी यायला न्हाय म्हनला न्हाईत, म्हंजी झालंच." तो गेल्यावर मालतीनं पेला धुऊन पालथा घातला.

२२ ऑक्टोबर

आज जायचं होतं. सकाळच्या टपालानं बापूसाहेबांचं पत्र आलं : चौकशी होईपर्यंत गावात कुणाशी बोलू नये, लेखी काही देऊ नये, आपल्या एका शब्दानं सबंध योजना बुडेल.

हुकूम आहे. चौकशी आठ दिवसांत होईल असं दिसतं. तेव्हा सगळं एकदमच स्पष्ट होईल, अर्धवट सांगण्यापेक्षा ते बरं.

मालती : "ते वाट बघत असतील."

मी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घालून परत दिलं. "यात तुम्ही शेवरेवाडीला जाऊ नका असं कुठं लिहिलंय?"

५ नोव्हेंबर

चौकशी झाली नाही. दिवाळीचे दिवस. आज तलावावर गेलो. भोयाचं खोपट रिकामं, चुलीतली राखसुद्धा भरून नेलेली. एका बाईनं सांगितलं, पाडव्याआधीच गेली दोघं. कुठं? "गेली नदीकडं." बरं, नदीवर त्यांचे भाऊबंद असतीलच. तिथं त्यांना काम मिळेल, कदाचित इथल्यापेक्षा जास्त.

पाणी पुन्हा हिरवं होऊ लागलंय.

१८ डिसेंबर

झोप नीट नाही. दिवसा जुन्या नोंदी काढून बसतो. आज वर्षभराचे आकडे एका कागदावर खाली खाली लिहिले. मरळ काढली जानेवारीत. आंबळी वाढली मार्चमध्ये. पिसवा ३४०, ९०, ११, शून्य. बशी साडेतीन हात, अडीच, दीड, वीत.

हे आकडे माझ्याच हातचे आहेत. दर वेळी मी ते वेगवेगळ्या पानावर लिहिले.

मालती शेजारी येऊन बसली. तिला शास्त्रातलं काही येत नाही. तिनं कागदावर बोट ठेवलं. "मरळ आंबळीला खायची. आंबळी कुणाला खाते?"

उठलो आणि पडवीतले रांजण धुतले.

२१ डिसेंबर

एका शेतकऱ्याच्या टाकीतलं पिसवा असलेलं पाणी दोन्ही रांजणांत सारखं भरलं. दोन्हीत सारखं शेण. एकात वीस आंबळ्या. दुसऱ्यात एकही नाही. दोन्ही उन्हात.

८ जानेवारी १९५७

आंबळीचा रांजण हिरवागार, तळ दिसत नाही, पिसू एकही नाही. दुसऱ्या रांजणाच्या तळाशी मालतीनं एक पैसा टाकला. त्यावरची अक्षरं वाचता येतात. शेण तेवढंच.

खत जातं कुठं, हे मी पहिल्या दिवशी विचारलं होतं. हिरवं त्यावर वाढत होतं, पिसवा हिरवं खात होत्या, त्यांची विष्ठा तळाच्या गाळात बसत होती. पिसवा आंबळीपासून वाचत होत्या, कारण आंबळीवर मरळ होती. आणि हप्त्याला चार-पाच मरळ रामहरीआबा बाहेर काढत होते. त्यांच्याबरोबर तेवढं खतही पाण्याबाहेर जात होतं. सगळं आपापल्या जागी तोलून होतं. त्याचा वरचा दगड मी उपसला, आणि खाली आणखी बारा गाड्या शेण ओतलं. मग जे सगळं पाण्यात तरंगत राहिलं, ते मोरचुदानं एका दिवसात मारलं. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात सापडलं, काही जातींचं असं हिरवं मेलं की पोटातलं विष पाण्यात सोडतं. परदेशात गुरं मेली आहेत.

आबा हात एकावर एक ठेवून हेच दाखवत होते.

१९ जानेवारी

बापूसाहेबांना सगळं आकड्यांसह कळवलं होतं. उत्तर : "दोन रांजणांवरून खात्याचं धोरण ठरत नाही. प्रकरण शांत झालं आहे, ते तसंच राहू द्यावं." बदलीचा विचार चालू आहे, कोकणात, बढतीवर.

मालतीनं विचारलं, "आता कशाची वाट बघताय?"

मला राग आला. तिच्यावर ओरडलो. ती आत गेली. मग बऱ्याच वेळानं मीच आत गेलो आणि म्हटलं, मला भीती वाटते. "नोकरीची?" म्हटलं, नाही. त्या बैलासारखं माझ्याकडे बघतील याची.

१० फेब्रुवारी

शेवरेवाडीला गेलो. तात्यांना सांगून चावडीवर माणसं बोलावली. तीसेक जमली. उभा राहून सांगितलं.

"पिशव्या मी शिवल्या. आत मोरचुदाशिवाय काही नव्हतं. रामहरीआबांनी काहीच घातलं नाही. हिरवं माझ्या औषधानं मेलं, त्याचं विष सुटलं, त्यानं गुरं मेली. आणि हिरवं झालं तेही मी मरळ काढायला लावली म्हणून. आबा नको म्हणत होते. मला त्या दिवशीच सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही."

कुणीतरी उठेल, धोंडा उचलेल, निदान शिवी देईल, असं वाटत होतं. सात जनावरांचे मालक समोर होते.

कुणी उठलं नाही. तात्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"साहेब, तुमी गावाच्या भल्यासाठनंच केलं. चुकी मानसाकडनंच हुती. बसा. उनाचं आलाय." मग मागं वळून, "आरं, चा टाका."

मी म्हटलं, "आबांना मारलं तुम्ही."

"व्हय, ते झालं खरं," तात्या म्हणाले. "त्या टायमाला डोसकं ठिकानावर न्हवतं. येऊ द्या की त्याला माघारी. आमी कुठं न्हाय म्हनतो? सांगा, तात्यानं बोलावलंय."

चहा आला. कपबशीतून, माझ्यासाठी वेगळा. मी प्यायलो. न पिता कप खाली ठेवणं माझ्याच्यानं झालं नाही.

परतताना सायकल हातात धरून चालत आलो.

२४ फेब्रुवारी

दोन रविवार शोधत होतो. बावड्याकडे नीरेकाठी विचारलं, मग भीमेच्या कडेनं. आज भिगवणला पत्ता लागला. स्टेशनच्या रस्त्यावर साखरबाई टोपली घेऊन बसली होती, सुकी मासळी. मला पाहून उठली, डोक्यावरचा पदर सारखा केला. हात पुसून एक गोणपाट पुढं केलं, "बसा, साहेब."

विचारलं, "आबा कुठं आहेत?"

"गेलं की ते. संक्रांतीच्या आधी."

मला समजायला वेळ लागला. मी म्हटलं, कुठं गेले?

तिनं माझ्याकडे पाहिलं. सावकाश सांगितलं, लहान मुलाला सांगतात तसं. सांगड नव्हती, जाळं नव्हतं. दुसऱ्याच्या जाळ्यावर रोजानं जायचे. सांगडीवर पडून काम करणारा माणूस, थंडीत गळ्याएवढ्या पाण्यात उभा. ताप भरला. चार दिवस.

"शेवटाला बोलत हुतं मरळीचंच. हितं बुडबुडा आला, तितं आला. मी म्हनलं, गप पडा, ही नदी हाय."

मी सगळं सांगितलं. रांजणांचं, आकड्यांचं, मरळ खायची त्या आंबळीचं, आबांचं बरोबर होतं हे. गाड्या जात होत्या, माणसं चालत होती. तिनं मध्येच तोडलं नाही. शेवटी म्हणाली, "ह्ये त्येंला सांगाया पायजे हुतं. त्येंला लय वाटायचं, साहेबांस्नी नीट सांगता आलं न्हाय. त्येंचीच चुकी म्हनायचे."

मग मी चावडीवरचं सांगितलं. सगळ्यांसमोर बोललो, तात्यांनी माघारी बोलावलंय.

"आता कोन येनार?" ती म्हणाली. मग थोडी पुढं झुकली. "समद्यांम्होरं सांगितलं?"

"हो."

"त्येंची बैलं मेल्याली, त्येंच्याम्होरं?"

"हो."

"मग? मारलं तुमाला?"

"नाही."

"काय म्हनलं?"

"काही नाही. चहा दिला."

ती बघत राहिली. माझ्या तोंडाकडे, मग हातांकडे, मनगटांकडे. कुठं लागलंय का पाहावं तसं. तिच्या नजरेत राग शोधला. असता तर बरं झालं असतं.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुमाला सोसलं नसतं."

गिऱ्हाईक आलं. ती मासळी मोजू लागली.